डोंगर समुद्रात पडला तर फोन कोणाचा वाजतो?

प्रति,
महासागरांच्या चारही आंतरसरकारी त्सुनामी समन्वय गटांचे पदाधिकारी,
तसेच किनाऱ्यावर किंवा समुद्रात ज्वालामुखी असलेल्या सर्व देशांच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणांचे प्रमुख

सन्माननीय महोदय, महोदया,

२२ डिसेंबर २०१८ च्या रात्री नऊच्या सुमारास इंडोनेशियात, सुंदा सामुद्रधुनीतल्या अनाक क्रकाटाऊ या ज्वालामुखी बेटाची नैर्ऋत्य बाजू समुद्रात घसरली. समुद्रसपाटीपासून ३३८ मीटर उंच असलेला शंकू पुढच्या काही दिवसांत जेमतेम ११० मीटरवर आला. घसरलेल्या दरडीने उठवलेल्या लाटा साधारण अर्ध्या तासाने जावा आणि सुमात्राच्या किनाऱ्यांवर चढल्या, जावाच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी १३ मीटरपर्यंत. ४३७ माणसे गेली. त्या अर्ध्या तासात किनाऱ्यावर एकही इशारा पोचला नाही. उलट लाट येऊन गेल्यावर पहिला अधिकृत खुलासा आला तो असा, की ही पौर्णिमेची भरती आहे, त्सुनामी नव्हे. तो मागे घेऊन माफी मागावी लागली.

खुलासा करणाऱ्यांना दोष देण्यासाठी हे पत्र नाही. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर मोठा भूकंप नव्हता, आणि मोठा भूकंप नाही म्हणजे त्सुनामी नाही, अशीच ती यंत्रणा बांधलेली होती. दरड कोसळल्याचा हादरा भूकंपमापकांवर उमटला होता, पण तीव्रतेच्या हिशेबात तो तीन-साडेतीनच्या भूकंपाएवढाच भरला. एवढ्याशा हादऱ्याने जागे व्हायचे असे त्या संगणकाला कोणी शिकवलेच नव्हते. डोंगर पाहणारे लोक वेगळ्या कार्यालयात होते, समुद्र पाहणारे वेगळ्या. डोंगर समुद्रात पडला तेव्हा तो दोघांच्याही हद्दीतून निसटला.

आम्ही भरतीमापक बसवतो, भोंग्यांची देखभाल करतो, ज्वालामुखीच्या वेधशाळांत रेषा वाचत बसतो, गावांतून स्थलांतराचे सराव घेतो. यंत्रणा कागदावर कशी दिसते आणि खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे काढल्यावर कशी होते, यातला फरक आम्हाला रोज दिसतो. म्हणून हे पत्र खासगी टपालाने न पाठवता उघडपणे लिहीत आहोत. ज्या किनाऱ्यांसाठी ही यंत्रणा आहे, तिथल्या लोकांनीही ते वाचावे.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच, की ज्वालामुखीतून उठणाऱ्या त्सुनामीला मालक नाही. तिला अपवाद म्हणून बाजूला सारले जाते. संख्येने पाहिले तर ते खरे वाटते. बहुतेक त्सुनामी भूकंपानेच येतात. पण बळी मोजा. २१ मे १७९२ रोजी जपानच्या शिमाबारा द्वीपकल्पावर मायुयामा हा डोंगर ढासळला, अरुंद उपसागरात लाट उठली, समोरच्या हिगो प्रांताच्या किनाऱ्यावर आपटली आणि परतली. सुमारे १५,००० माणसे मेली. उद्रेक चालू होता तो शेजारच्या शिखरावर. मायुयामा स्वतः शांत होता. १३ मार्च १८८८ रोजी न्यू गिनीजवळचे रिटर बेट जवळजवळ संपूर्ण समुद्रात गेले. आणि २७ ऑगस्ट १८८३ चा क्रकाटाऊ. अधिकृत नोंद ३६,४१७ मृत्यूंची आहे. ती सांगताना स्फोटाच्या आवाजाचे, जगभर दिसलेल्या तांबड्या संध्याकाळींचे वर्णन होते. मेलेल्यांतले बहुतेक लोक मात्र लाव्ह्याने किंवा राखेने नव्हे, किनाऱ्यावर चढलेल्या पाण्याने मेले, हे मागे पडते. त्याच क्रकाटाऊच्या काहिलीतून, म्हणजे स्फोटानंतर उरलेल्या खोल खड्ड्यातून, १९२७ मध्ये नवा शंकू वर आला. अनाक म्हणजे मूल. हे मूल आईच्याच खड्ड्याच्या काठावर, एका बाजूला झुकून वाढत होते. ती बाजू कोसळली तर काय होईल याचे गणित मांडलेला शोधनिबंध २०१२ मध्येच प्रसिद्ध झाला होता: नैर्ऋत्येचा उतार पडेल, लाटा पाऊण तासाच्या आत जावाच्या किनाऱ्यावर येतील. पडझड त्याच दिशेला झाली. उपग्रहांच्या रडारचे जुने फोटो नंतर काढून पाहिले, तर तो उतार घटनेच्या कितीतरी महिने आधीपासून समुद्राकडे सरकत असल्याचे दिसले. माहिती होती. ती कोणाच्या टेबलावर यायला हवी, हे ठरलेले नव्हते.

इथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. २४ जून १९८२ रोजी जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या एका प्रवासी विमानाची चारही इंजिने बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली, सगळे प्रवासी वाचले. पुढे १९८९ मध्ये अलास्काजवळ तसाच प्रसंग आला, तेव्हाही कोणी दगावले नाही. त्यानंतर जगभरात राखेची सूचना देणारी नऊ केंद्रे उभी राहिली. कुठे राख उडाली, किती उंच गेली, वारा ती कुठे नेतो, हे वैमानिकाला लगेच कळते. उत्तम झाले; तशीच व्हायला हवीत. पण कोणत्या बेटाचा कोणता उतार समुद्रावर झुकला आहे आणि त्याखाली कोणती गावे आहेत, हे सांगणारे असे जगभराचे जाळे आजही नाही. आकाशातल्या वाटेला जे मिळाले ते किनाऱ्यावरच्या झोपडीला मिळालेले नाही.

दुसरी तक्रार मोजमापाची. तांत्रिक वाटेल, पण अर्धा जीव इथेच अडकलेला आहे.

भूकंपाने उठलेल्या लाटेची लांबी प्रचंड असते. एका लाटेपासून पुढची लाट यायला दहा मिनिटांपासून तासापर्यंत वेळ लागतो. दरड कोसळून उठलेली लाट त्या मानाने आखूड असते. अनाक क्रकाटाऊच्या लाटा सहा-सात मिनिटांच्या अंतराने आल्या. आता बंदरातला नेहमीचा भरतीमापक घ्या. तो जहाजांसाठी, भरती-ओहोटीच्या तक्त्यांसाठी बसवलेला असतो. उभ्या नळीत तळाशी बारीक भोक, म्हणजे वाऱ्याच्या लाटांची खळबळ आत येऊ नये. त्या भोकावर शिंपले चढतात, चिखल बसतो, आणि पाणी बाहेर मीटरभर वर जाऊन खाली आले तरी नळीतली पातळी सुस्तावलेल्या म्हशीसारखी हलते. त्यातून आकडा जातो दर पंधरा मिनिटांच्या सरासरीचा. पंधरा मिनिटांत दोन लाटा येऊन जातात आणि सरासरीत दोन्ही पुसल्या जातात. असा मापक नकाशावर हिरव्या ठिपक्याने ‘चालू’ दिसतो. आमच्या दृष्टीने तो आंधळा आहे. पाण्यावर टांगलेला रडार मापक, मिनिटाला निदान एक नोंद, आणि ती नोंद साठवून न ठेवता लगेच पाठवणे, हे किमान. ज्वालामुखीसमोर तर दर काही सेकंदांची नोंद हवी.

खोल समुद्रातल्या बोयांचे दुखणे वेगळे. तळाशी दाबमापक, पाच-सहा हजार मीटर पाण्याखालीही सेंटिमीटरभर फरक ओळखणारा. तो आवाजाच्या लहरींनी वरच्या बोयाला सांगतो आणि बोया उपग्रहाला. सुरेख यंत्र आहे. पण बॅटरी संपते, दोर झिजतो, तळाचा संच ठरावीक वर्षांनी वर काढून नवा सोडावा लागतो, आणि त्यासाठी जहाज लागते. जहाजाचे भाडे कोणत्याही उद्घाटनाच्या अंदाजपत्रकात नसते. बोयाच्या सावलीत मासे जमतात, म्हणून मच्छीमार होड्या त्याला बांधतात, दोर तुटतो, वरची पेटी गायब होते. यात मच्छीमारांना शिव्या घालून उपयोग नाही; बोया कशासाठी आहे हे त्यांना त्यांच्या बंदरात जाऊन किती जणांनी सांगितले? इंडोनेशियाचे २२ बोये २०१२ पासून बंद होते, हे तिथल्याच आपत्ती यंत्रणेने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. एक मात्र प्रामाणिकपणे नोंदवतो: ते सगळे चालू असते तरी सुंदाच्या अरुंद सामुद्रधुनीत त्यांचा फारसा उपयोग नव्हता. ते दूरच्या, खोल समुद्रातल्या लाटेसाठी असतात. डोंगर ५० किलोमीटरवर असेल तर डोंगरावरच डोळा ठेवावा लागतो.

हे जमण्यासारखे आहे का? आहे. इटलीतल्या स्ट्रॉम्बोली बेटावर ३० डिसेंबर २००२ रोजी उतार घसरून लाट उठली, घरांत पाणी शिरले. हंगाम थंडीचा होता, पर्यटक नव्हते, म्हणून जीव वाचले. त्यानंतर त्या उतारासमोर समुद्रात दाबमापक उभे केले गेले. लाटेची ओळख पटली की भोंगे आपोआप वाजतात, कोणाच्या सहीसाठी थांबत नाहीत. लाट गावात पोचायला काही मिनिटेच लागतात, तिथे सही करायला वेळच नसतो. एका लहान बेटावर जे चालते ते बाकीच्या धोकादायक उतारांसमोर का नाही, याचे उत्तर आम्हाला तंत्रज्ञानात सापडत नाही.

प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात १५ जानेवारी २०२२ ला झालेल्या हुंगा टोंगा–हुंगा हापाई ज्वालामुखीच्या उद्रेकाने तर गणिताचा पायाच हलवला. धुराचा स्तंभ ५७ किलोमीटरवर गेला आणि हवेच्या दाबाची एक लाट सेकंदाला ३०० मीटरहून अधिक वेगाने पृथ्वीला फेऱ्या घालू लागली. साध्या त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो: ४,००० मीटर खोलीत ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास, ५० मीटरवर ८०, किनाऱ्याजवळ १० मीटर पाण्यात ३६. हवेची लाट या सगळ्यापेक्षा वेगाने धावली आणि जाताना समुद्राला ढकलत गेली. जपानमध्ये पाणी हिशेबापेक्षा दोनेक तास आधी हलायला लागले. आधी ‘काळजीचे कारण नाही’ असे सांगितले गेले होते. मध्यरात्रीनंतर इशारा द्यावा लागला, तोवर काही ठिकाणी पाणी मीटरहून जास्त चढले होते. पेरूमध्ये, उद्रेकापासून सुमारे १०,००० किलोमीटरवर, दोन स्त्रिया किनाऱ्यावर बुडाल्या. तिथे इशारा दिलेलाच नव्हता. टोंगामध्ये उंच लाटा येऊनही मृत्यू मोजके झाले. लोक सराव केलेले होते, आवाज ऐकताच पळाले. बाहेरच्या जगाशी जोडणारी समुद्राखालची एकुलती एक केबल तुटली आणि ती जोडायला पाच आठवडे लागले. म्हणजे ज्या देशाने इतरांना सावध करायचे त्याचीच वाचा गेली. हवेचा दाब मोजणारी यंत्रे प्रत्येक हवामान केंद्रावर आहेत. त्यांची नोंद त्सुनामी केंद्राच्या पडद्यावर त्याच क्षणी दिसावी, एवढी साधी जोडणी जगभर झालेली नाही.

तिसरी तक्रार शेवटच्या किलोमीटरची आहे, आणि ती आमच्यावरही उलटते, हे मान्य.

अर्ध्या तासाचा हिशेब मांडून बघा. डोंगर कोसळल्याचे ओळखायला पाच मिनिटे. खात्री करून हुकूम निघायला पाच. हुकूम भोंग्यापर्यंत, भोंगा कानापर्यंत, आणि माणूस अंथरुणातून उठून, म्हातारीला हाताशी धरून, पोर कडेवर घेऊन दाराबाहेर पडेपर्यंत पाच. उरली पंधरा मिनिटे. म्हातारे माणूस सेकंदाला मीटरभर चालते असे धरा, तेही सपाट रस्त्यावर, उजेडात. म्हणजे ९०० मीटर. घरापासून ९०० मीटरच्या आत उंच जमीन नसेल तर त्या घराला इशाऱ्याचा उपयोग नाही. त्याला इमारत हवी. आणि इमारत म्हणजे कुठलीही नव्हे. काँक्रीटचे खांब खोल पायावर, कारण वाहते पाणी कोपऱ्यांखालची माती उकरते. तळमजला मोकळा, भिंतींऐवजी नुसते खांब. जिना बाहेरून, कुलूप नसलेला. छतावर जाता येईल असा. आणि उंची मागच्या लाटेवरून नव्हे, शक्य असलेल्या सगळ्यात मोठ्या लाटेवरून ठरवलेली. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या मिनामिसानरिकूत तीन मजली आपत्ती निवारण इमारतीच्या छतावरून पाणी गेले. कामाईशीच्या उनोसुमाई भागात लोक ज्या केंद्रात शिरले ते त्सुनामीचे निवाऱ्याचे ठिकाण नव्हतेच. सराव मात्र तिथे होत, जवळ पडते म्हणून. सरावात लोकांच्या सोयीसाठी घेतलेली सवलत त्या दिवशी जिवावर बेतली.

आकड्यांनी माणसे कशी फसतात तेही त्याच दिवशी दिसले. भूकंपानंतर तीन मिनिटांत इशारा गेला, याहून चपळ यंत्रणा जगात नव्हती. पण पहिला अंदाज इवाते आणि फुकुशिमासाठी ३ मीटरचा, मियागीसाठी ६ मीटरचा होता. ‘तीन मीटर? समोरची भिंत त्याहून उंच आहे.’ अर्ध्या तासाने अंदाज वाढवला तेव्हा वीज गेलेली होती, पुष्कळांपर्यंत तो पोचलाच नाही. तिथल्या हवामान संस्थेने त्यातून शिकून २०१३ पासून, फार मोठ्या भूकंपात पहिल्या इशाऱ्यात मीटर न सांगता ‘प्रचंड’ असा शब्द वापरायला सुरुवात केली. हा धडा उचलायला काही पैसे पडत नाहीत.

भोंग्यांबद्दल थोडे सविस्तर. खाऱ्या हवेत जोडणीवर हिरवा गंज चढतो. सौरपट्टीवर पक्ष्यांची घाण साचते आणि बॅटरी अर्धीच भरते. पेटीत मुंग्या घर करतात. बॅटऱ्या चोरीला जातात, कारण त्या कुठल्याही गाडीला चालतात. म्हणून महिन्यातून एकदा खरोखर वाजवून पाहणे याला पर्याय नाही. नियंत्रण कक्षातून ‘संदेश पोचला’ अशी खूण येणे म्हणजे आवाज आला असे नव्हे. आवाज झाला तरी अर्थ कळला असेही नव्हे. २२ मे १९६० ला चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. हवाईच्या हिलो शहरात भोंगे रात्री साडेआठला वाजले, सगळ्यात मोठी लाट एकच्या सुमारास आली. साडेचार तास हाताशी होते, तरी ६१ माणसे मेली. पुष्कळांनी भोंगा ऐकला होता. पण भोंग्याच्या खुणांचा अर्थ काही काळापूर्वीच बदललेला होता आणि तो लोकांच्या अंगवळणी पडलेला नव्हता; काही जण पुढच्या भोंग्याची वाट पाहत बसले. भोंग्यासोबत बोललेली सूचना हवी, स्थानिक भाषेत, चार शब्दांची: पळा, उंचावर, पायी, आत्ता.

आणि इशारा मागे घेण्याची घाई. २८ सप्टेंबर २०१८ रोजी सुलावेसीतल्या पालू इथे इशारा सुमारे अर्ध्या तासात संपवला गेला. पालूच्या आखातातून काहीच नोंद येत नव्हती आणि लांबच्या मापकाने काही सेंटिमीटरच दाखवले होते. आखातात तोवर लाटा येऊन गेल्या होत्या. वीज आणि मोबाईलचे मनोरे बंद, त्यामुळे सुरुवातीचा इशाराही अनेकांपर्यंत गेलाच नाही. त्या भूकंपात, त्सुनामीत आणि जमीन पातळ होऊन घरे गिळली गेल्यात मिळून चार हजारांहून जास्त माणसे गेली. पहिली लाट मोठी असतेच असे नाही. १९६४ मध्ये अलास्काच्या भूकंपानंतर कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत सुरुवातीच्या लाटा ओसरल्या म्हणून परतलेले लोक चौथ्या लाटेत सापडले.

चौथी तक्रार डोंगराच्या बाजूची. इथे धोका माहीत नसतो असे फार क्वचित होते. कोलंबियातल्या नेवादो देल रुईसचा धोक्याचा नकाशा ऑक्टोबर १९८५ मध्ये तयार झाला होता आणि त्यात आर्मेरो शहर लाहारच्या वाटेत दाखवलेले होते. लाहार म्हणजे राख, दगड आणि पाणी कालवलेल्या सिमेंटसारखे, पण घोड्याच्या वेगाने धावणारे. १३ नोव्हेंबरला रात्री नऊनंतर उद्रेक झाला, तोही लहानसाच. बर्फ वितळले, नद्या फुगल्या आणि अडीच तासांनी लोंढा आर्मेरोत शिरला. २३,००० च्या आसपास माणसे मेली. अडीच तास. उंच जमीन पायी जाण्याइतकी जवळ होती. शहर १८४५ च्या लोंढ्याने आणून टाकलेल्या गाळावरच वसलेले होते. लोकांना सांगितले गेले ते घरात शांत राहा असे. शहर रिकामे करण्याचा खर्च आणि अंदाज चुकला तर होणारी नाचक्की, या दोन गोष्टींनी आधीचे आठवडे खाल्ले होते.

नाचक्कीची भीती खोटी नाही. १९७६ मध्ये ग्वादलूप बेटावर ७०,००० हून जास्त लोकांना महिनोन्‌महिने हलवले आणि मोठा उद्रेक झालाच नाही. त्याचा दाखला अजून दिला जातो. पण त्याचे उत्तर १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दिलेले आहे. फिलिपिन्सच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी आधी पाच पायऱ्यांची इशारा-पद्धत जाहीर केली, प्रत्येक पायरीचा अर्थ लिहून दिला. मग १०, २०, ३० किलोमीटर असे वर्तुळ वाढवत नेले. अधिकाऱ्यांना शंका होती, तेव्हा तप्त राख-वायूचा लोट आणि लाहार म्हणजे काय ते दाखवणारी चित्रफीत त्यांच्यासमोर लावली. १५ जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला आणि निदान ५,००० जीव वाचले असा अंदाज आहे. जे गेले त्यांतले बरेच छपराखाली गेले: त्याच दिवशी वादळाचा पाऊस आला, राख भिजली. कोरडी राख दहा सेंटिमीटर साचली तरी चौरस मीटरवर शंभर किलोच्या घरात भार येतो. भिजली की तो बराच वाढतो. छपरावरची राख पाऊस येण्याआधी, थोडी थोडी, दोन्ही बाजूंनी समतोल राखत ओढावी लागते. एकाच उतारावरून सगळी काढली तर वासे पिळवटतात. ही ओळ किती देशांच्या सूचनापत्रकात आहे?

आणि ज्यांना हलवले त्यांचे पुढे काय, हे कोणी लिहीत नाही. पिनाटुबोच्या उतारांवरचे आएटा लोक वेळेत खाली आले. त्यांची मुले मग छावण्यांत गोवर, जुलाब आणि छातीच्या आजारांनी मेली. कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेराट बेटावर २५ जून १९९७ रोजी ज्वालामुखीच्या उद्रेकात १९ माणसे मेली ती बंदी असलेल्या भागात. तिथे परतलेल्यांत आपली शेते बघायला गेलेलेही होते. माणूस पोटासाठी परत जातो. २०१० मध्ये मेरापी ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या वेळी इंडोनेशियाच्या सरकारने गुरे विकत घेण्याची तयारी दाखवली, कारण लोक गुरांना चारा घालायला चढतात हे त्यांनी ओळखले होते. गोवराच्या लशी, पिण्याचे पाणी, गुरांचा चारा हे स्थलांतराच्या खर्चातच धरायला हवेत. दानशूरांवर सोडून चालणार नाही.

शेवटची तक्रार थोडक्यात: मेलेल्यांची मोजणी. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत १४ देशांत सव्वादोन लाखांहून जास्त माणसे गेली. इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या चार गावांत नंतर पाहणी झाली, तेव्हा वाचलेल्या ६७६ जणांत स्त्रिया होत्या फक्त १८९. कोण घरात होते, कोणाच्या कडेवर मूल होते, कोणाला पोहायला शिकवलेच नव्हते, हे त्या आकड्यात आहे. अशी पाहणी चार गावांपुरती झाली म्हणून आपल्याला कळले. त्याच दिवशी सिमेउलुए बेटावर, जे उगमाच्या अगदी जवळ होते, सुमारे ७८,००० लोकांत सातच मृत्यू झाले. १९०७ च्या लाटेपासून आज्या नातवंडांना ‘स्मोंग’ (तिथल्या बोलीत त्सुनामी) या शब्दाची गोष्ट सांगत आल्या होत्या: जमीन जोरात हलली, समुद्र मागे हटला, की डोंगर गाठा. पण ज्वालामुखीच्या लाटेत जमीन हलतेच असे नाही. त्या आज्यांची खूण तिथे अपुरी पडते. म्हणून तर तुमची गरज आहे.

आमच्या मागण्या अशा:

समुद्रावर झुकलेले उतार असलेल्या ज्वालामुखींची यादी प्रत्येक देशाने जाहीर करावी, शांत असलेल्यांसह. मायुयामा विसरू नये. प्रत्येकापुढे समोरच्या गावांची नावे आणि लाट पोचायला लागणारी मिनिटे लिहावीत. उपग्रहांच्या रडारची पाहणी दर फेरीला व्हावी आणि उतार सरकत असल्याचा अहवाल ज्वालामुखी वेधशाळेइतकाच त्सुनामी केंद्रालाही त्याच दिवशी जावा.

ज्या उतारासमोर लाट अर्ध्या तासाच्या आत पोचते, तिथे समुद्रात आणि समोरच्या किनाऱ्यांवर जलद नोंदीचे मापक बसवावेत आणि भोंगा आपोआप वाजण्याची मुभा कायद्याने द्यावी. खोटा इशारा गेल्याबद्दल कामावरच्या माणसावर कारवाई होणार नाही, हे लेखी असावे. रात्री एकटा बसलेला माणूस नोकरीच्या भीतीने बटणावरचा हात मागे घेतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

यंत्र घेताना त्याच्या दहा वर्षांच्या देखभालीचा पैसा त्याच ठरावात मंजूर करावा: जहाज, बॅटऱ्या, सुटे भाग, दोन प्रशिक्षित माणसांचा पगार. नसेल तर यंत्र घेऊच नये. बंद यंत्रावर लोक विसंबून राहतात.

पाण्याची पातळी बरी दिसते म्हणून नव्हे, तर धोक्यातल्या किनाऱ्याच्या जवळच्या मापकाने काही तास शांतता दाखवल्यावरच इशारा मागे घ्यावा. जवळचा मापक बंद असेल तर तो ‘शांत’ नव्हे, ‘अज्ञात’ धरावा.

वर्षातला एक सराव रात्री घ्यावा, आगाऊ तारीख न सांगता, वीज बंद करून, एक पूल तुटलेला आहे असे धरून, आणि त्यात सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाची वेळ नोंदवावी. २०३० पर्यंत धोक्यातली सगळी गावे त्सुनामीसाठी सज्ज करण्याचे जे उद्दिष्ट तुम्हीच ठेवले आहे, त्याच्या बारा निकषांत ही वेळ आकड्यात मांडावी.

आणि एक उत्तर हवे आहे, पत्राने, प्रत्येक देशाकडून वेगळे. तुमच्या यादीतल्या प्रत्येक ज्वालामुखीपुढे लिहा: रात्री नऊ वाजता, सुट्टीच्या दिवशी, भूकंप न होता, हा उतार समुद्रात गेला, तर पहिला फोन कोणाच्या टेबलावर वाजतो, तो कोण उचलतो, आणि त्या माणसाला स्वतःच्या अखत्यारीत भोंगा वाजवता येतो का? ‘संबंधित विभाग’ हे उत्तर आम्ही धरणार नाही. पदनाम आणि पाळीची वेळ लिहावी. जिथे ती जागा रिकामी आहे, तिथे ‘रिकामी’ असे लिहून ते त्या किनाऱ्यावरच्या फलकावर लावावे.

कळावे,

आपले,
इशारा-यंत्रणांवर काम करणारे तंत्रज्ञ, निरीक्षक आणि प्रशिक्षक